चूपबाबा आणि थरथरणारी गवळण

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं या, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. ही गोष्ट ओरडून सांगायची नाहीच मुळी. हिच्यात एक गाय आहे, एक ढोल आहे, एक महाराज आहे आणि सगळ्यात शेवटी एक टाळी आहे. नीट ऐकाल तर घरी जाताना जरा भ्यालेले असाल आणि जरा शहाणेही. घ्या भगवंताचं नाव आणि ऐका.

रायपूरजवळ उरला नावाची कारखान्यांची वस्ती आहे, तिथं रोलिंग मिलांच्या रांगेमागं, बंद पडलेल्या एका कारखान्याचं मोठं मैदान आहे. यंत्रं भंगारात गेली, पत्रे चोरीला गेले, राहिलं ते गवत. पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, सगळी गुरं एक राऊत, तिकडचा गुराखी, रोज हाकत तिकडं नेई आणि दिवस कलला की परत आणी. गावाची चराई कारखान्यांनी केव्हाच गिळली होती, तेव्हा हे मैदान म्हणजे गुरांना देवानंच राखून ठेवलेलं ताट, असं सगळे म्हणत.

त्या वर्षी पाऊस सरता सरेना. आश्विन लागला तरी आभाळ खाली लोंबतच होतं. आणि त्या दिवसांत गुरं थरथरायला लागली. आधी मान डुगडुगे, मग पाय ताठ होत, आणि राऊतानं जरा हाकललं की धडधाकट गाय दारू प्यायल्यासारखी झुकांड्या खात आडवी होई. पशुवैद्य येऊन रक्त घेऊन गेले. रक्तात काही सापडलं नाही. कोणी म्हणालं कारखान्याच्या चिमणीची धूळ, कोणी म्हणालं नाल्याचं पाणी. मग शेजारच्या सिलतरा गावाकडून चूपबाबा आले, आणि त्यानंतर कोणी काही म्हणेनासं झालं.

एके दिवशी मैदानाच्या फाटकाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पाळी सुटलेले कामगार डबे हातात घेऊनच उभे होते. तख्तावर चूपबाबा, बाजूला त्यांचा चेला शंकर, गळ्यात ढोल. मधोमध एक तांबडी गाय, डोळे पांढरे केलेली.

"सुनो गा!" महाराज म्हणाले. हिंदी, छत्तीसगढी आणि तीर्थाच्या गावी उचललेली मराठी असं सगळं घोळून ते बोलत. "ही बीमारी नाही, ही पकड आहे! डॉक्टरची सुई चमडीत जाते, पकड आत्म्यात असते. सुईला आत्मा दिसतो काय? एक्सरे में आत्मा आता है क्या?"

"नहीं आता!" गर्दी म्हणाली.

"मग पकड बाहेर काढू?"

शंकरचा ढोल वाजू लागला. गाय कापायला लागली. ढोल वाढला, माणसं ओरडली, आणि गाय चारही पाय ताणून धाडकन कोसळली. बायकांनी पदर तोंडाला लावले. महाराज उठले, एक हात वर केला.

"चूप!"

ढोल थांबला. मुलं थांबली. मिलचा भोंगासुद्धा जणू दबकला. त्या शांततेत महाराजांनी गाईच्या शिंगांमध्ये भस्माचं बोट ठेवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ काही होईना. मग गाय हलली, गुडघ्यांवर आली, आणि उभी राहिली.

जयजयकारात वासुदेवरावांचेही हात जोडले गेले. वासुदेवराव म्हणजे रोलिंग मिलमधून क्रेन चालवून निवृत्त झालेले, मूळचे गोंदियाकडचे, आणि कीर्तनवेडे. कुठं कीर्तन आहे म्हटलं की सायकल काढणार, झांज पिशवीत टाकणार. पाऱ्यातलं भजनी मंडळ त्यांच्याच गळ्यावर चाले. त्यांची स्वतःची गाय, गवळण, हीही थरथरत होती. म्हणून तर ते महाराजांपुढं नाम गायला आले होते. देवाचं नाव कुठंही गायला त्यांची ना नसे. पण आज हात जोडताना त्यांच्या कानात काहीतरी खटकलं. काय, ते त्यांना कळेना. भजनात कोणी चुकून घाई केली की असंच खटकतं.

"पकड निघाली," महाराज म्हणाले. "ये ढीली जनावरं आमच्या गोशाळेत पाठवा. सावलीत ठेवू, कोरडा पैरा, भाताचा पेंढा, चारू, बरी करून देऊ. परत नेताना एक कालवड गोमातेच्या नावानं सोडा. लेकिन..." आणि इथं आवाज असा खाली आणला की मागचे लोक आपसूक पुढं झुकले, "ज्या चराईला पकड लागली, तिला लावणारी तुमच्यातच राहते. तुमच्याच नळावर पाणी भरते. येत्या इतवारी गाय स्वतः तिला ओळखेल. जिच्यापुढं पडेल, ती टोनही."

टोनही. चेटकीण. छत्तीसगढात हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. गर्दी पांगली ती न बोलता, आणि न बोलताच तिच्या डोक्यात एक सवाल फिरू लागला. सगळ्यांची गुरं थरथरतात, मग अंजनाबाईची गाय कशी नाही?

अंजनाबाई रेल्वेच्या गँगमनची विधवा, भंडाऱ्याकडची. दोन खोल्या, एक गाय, दुधाचा रतीब. तिच्या गाईच्या पायाला पत्रा लागून जखम झालेली, म्हणून ती दारातच बांधलेली असे. अंजनाबाई तिला विकतचा पैरा आणि भाजीवाल्याकडचा पाला घाली. गाय ठणठणीत. आणि घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. एरवी कोणाला त्याचं काही नव्हतं. आता लोकांना ते अचानक दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी वासुदेवराव तिच्याकडं चहाला गेले, तर दाराशी शेंदूर लावलेलं लिंबू पडलं होतं, आणि छपराच्या पत्र्यावर दगड.

"कोणं टाकलं हे?"

"वाऱ्यानं आलं असंल, भाऊ," अंजनाबाई म्हणाली. लिंबू चपलेनं बाजूला सारलं आणि चहात साखर घातली. "दूध घ्यायले कोणी आलं नाई आज. गुलाबराव बी नाई. त्याच्या नातवाले माया दुधाशिवाय झोप येत नाई म्हणे, आता येत असंल."

"तू दीपमालेले फोन कर."

दीपमाला म्हणजे तिची भाची, तिचा रेल्वेतला भाऊ शामराव याची मुलगी. नव्या रायपूरच्या वाटेवर गवताचं एक संशोधन केंद्र आहे. गुरांच्या चाऱ्याला कोणतं गवत चांगलं, कोणतं कुठं लावावं, याचा तिथं अभ्यास चालतो. दीपमाला तिथं कामाला. राहायला रायपुरातच, तेलीबांध्याला.

"पोट्टी येईन आनं म्हणंन, आत्या, चाल माह्याकडं."

"मंग जाय ना!"

अंजनाबाईनं कप खाली ठेवला. "आज गेली तं इतवारी म्हणतील, पाहा, पळाली. बिसाहिन गेली तं तेच म्हणले लोकं."

वासुदेवरावांनी चहाचा कप बाजूला सारला. बिसाहिनबाई सिलतऱ्याच्या बाजूच्या पाऱ्यात राहायची, गोवऱ्या विकायची. मराठीचा गंध नव्हता, तरी उरल्यात कीर्तन असलं की चालत यायची आणि अगदी मागं बसायची. सगळ्यांची टाळी पडून गेली की मग तिची एकटीची पडे. पोरं हसत. मागच्या आश्विनात तिच्या पाऱ्यातही गुरं थरथरली होती, तिथंही हेच महाराज, हाच ढोल, आणि गाय तिच्यापुढं पडली होती. लोकांनी तिचे केस कापले, म्हणतात. ती शेतातून निघून गेली. तिच्या दाराला अजून कुलूप आहे. वासुदेवरावांना हे सगळं कळलं तेव्हा कुलपाला गंज चढला होता.

दीपमाला आली ती स्कूटरवर, आणि आत्याकडं न जाता आधी मैदानात गेली. वासुदेवराव मागोमाग. ती गवतात कमरेत वाकून फिरली, एक तुरा तोडला, बोटांनी चोळला आणि बोटं त्यांच्यापुढं धरली.

"काका, हात लावून पाहा."

"चिकट लागून राहिलं."

"आता हे पाहा." दुसरा तुरा. त्यात दाण्यांच्या जागी भुरकट, खडबडीत गोळ्या. "हे कोदोच्या, आपल्या कोदऱ्याच्या, जातीचं गवत आहे, जंगली. या दिवसांत बाजरीवर चिकटा पडतो ना, तसाच याच्यावर पडलाय. बुरशी आहे. फुलोऱ्यात ओल राहिली की दाण्यात शिरते. आधी मध गळतो, मग त्याच्या या गोळ्या होतात. गुरं तुरे आवडीनं खातात, आणि या गोळ्यांत विष असतं. मेंदूवर जातं, तोल जातो."

"खराब कोदो खाऊन माणसाले गुंगी येते तसं?"

"हव! तसंच समजा. पाला बाधत नाही, हे तुरे बाधतात. मी तुरे केंद्रात घेऊन जाते, मायक्रोस्कोपखाली दाखवून सरांकडून लिहून आणते. पण..." ती गवताकडं पाहत राहिली. "पण काका, कागद दाखवून आत्याला कोण सोडणार? लोक म्हणतील, भाचीच आहे. बिमारी समजली, लेकिन ये उठती कैसे है? 'चूप' म्हटल्यावर गाय उठते, हे तर मी पण व्हिडिओत पाहिलंय."

उत्तर मिळालं ते वासुदेवरावांच्या अंगणात, आणि दिलं ते त्यांच्या बायकोच्या, चित्राबाईंच्या, कुकरनं.

गवळण मेढीला बांधलेली होती, मान डुगडुगत, पण उभी. दीपमाला तिच्या पायांकडं पाहत बसली होती. घरात चित्राबाईंनी डाळ लावलेली. कुकरची शिट्टी झाली, कर्कश, लांबलचक. गवळण दचकली, सगळं अंग कापलं, पाय ताठले आणि ती मेढीशीच कोसळली.

"अहो, गाय पडली!" चित्राबाई पळीसकट बाहेर आल्या.

"काकू, थांबा! कोणी बोलू नका. हात नका लावू."

तिघं जागच्या जागी. गवळणीचा श्वास ऐकू येत होता. हळूहळू तिचे पाय सैल पडले. तिनं मान उचलली, गुडघ्यांवर आली, उभी राहिली, आणि काहीच न झाल्यासारखं चित्राबाईंच्या पदराला तोंड लावलं.

"भस्म कोणं लावलं?" चित्राबाईंनी विचारलं.

 वासुदेवराव ओट्यावर मटकन बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरत होता, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

"लय," ते म्हणाले. "दीपा, लय आधी चढली होती."

"म्हणजे?"

"त्या दिवशी मले खटकलं ना, ते हेच. कीर्तनात काय होते, बुवा रंगात आला की मृदंग त्याच्या मागं चढते. मृदंगवाला बुवाकडं पाहाते. इथं उलटं होतं. गाय उभी होती, चांगली उभी होती, आन् ढोल आधी चढला. मंग गाय पडली. आन् शंकर गाईकडं पाहातच नव्हता. तो महाराजाच्या बोटाकडं पाहून राहिला होता. महाराज माळेचा मोठा मणी धरते, की हा ढोल चढवते."

दीपमाला उठून उभीच राहिली. "काका! म्हणजे त्याला हवं तिथं गाय पाडता येते."

"आन् चूप म्हणलं की उठते. कारण चूप होते, म्हणून."

चित्राबाईंनी पळी ओट्यावर ठेवली. तिघांनाही एकच गोष्ट दिसली होती. रविवारी गाय बायकांच्या रांगेपुढून फिरणार, आणि ती कोणापुढं पडणार ते आजच ठरलेलं होतं.

रविवारी दुपारी आभाळ इतकं उतरलं होतं की कारखान्यांच्या चिमण्यांची टोकं दिसत नव्हती. बायकांना अर्धगोलात बसवलं होतं. रांगेच्या एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला महाराजांचं तख्त. अंजनाबाई मधोमध. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका सरकून बसल्या होत्या, तेवढ्यापुरतीच जागा तिच्याभोवती रिकामी. गुलाबराव आणि काही तरणे तिच्यामागं उभे होते. एकाच्या हातात कात्री होती. दीपमालेनं पोलीस ठाण्यात कळवलं होतं. येतो म्हणाले होते. अजून आले नव्हते.

"कोणाची गाय आणता?" महाराजांनी विचारलं.

"माही," वासुदेवराव म्हणाले. सकाळी त्यांनी गवळणीच्या पायांना हात लावून माफी मागितली होती. "आन् महाराज, एवढं मोठं काम, नामाशिवाय कसं? मी गातो. शंकर वाजवंल."

महाराजांना नाही म्हणता येईना. भजन नको म्हणणारा महाराज कोणी पाहिलाय? माइक वासुदेवरावांच्या हाती आला. राऊतानं दोरी धरली.

आणि वासुदेवरावांनी नाम सुरू केलं. रामकृष्णहरी. संथ, अगदी संथ, पाळण्याला झोका द्यावा तसं. झांज बोटांत दाबून धरलेली, नुसती किणकिण. त्यांनी गर्दीला टाळीची खूण केली. शेकडो हात हळू पडू लागले, मऊ, एकसारखे. शंकरला त्याच लयीत वाजवणं भाग पडलं. गवळण मान डुगडुगवत, पण शांतपणे रांगेपुढून निघाली.

ती अंजनाबाईजवळ आली. महाराजांनी माळेचा मोठा मणी धरला.

ढोल उसळला. एकटा. टाळ्या खाली संथ चाललेल्या आणि ढोल वर धावतोय, असं उघडं पडलं ते.

"शंकर, लय धर गा!" माइकवरून वासुदेवराव म्हणाले. "नामाले काय गाडी पकडायची हाये?"

गर्दी हसली. शंकर चपापला, पुन्हा टाळीवर आला. महाराजांनी मणी दाबला, सोडला, पुन्हा दाबला. शंकरनं खाली पाहिलं. गवळण अंजनाबाईपुढं थबकली होती, तिचे गुडघे लटपटत होते. अंजनाबाईनं डोळे मिटले नव्हते. ती गाईकडं पाहत होती, जशी रोज पाहते तशी. वासुदेवरावांनी आवाज आणखी खाली नेला, इतका की लोकांना ऐकण्यासाठी गप्प व्हावं लागलं. गवळण श्वास सोडून पुढं चालू लागली.

मागं उभ्या असलेल्या तरण्याचा कात्रीचा हात खाली आला.

गाय रांग संपवून तख्तापाशी पोचली. आणि तेव्हा वासुदेवरावांनी डोळे मिटले, झांज मोकळी सोडली आणि लय चढवली. दुप्पट. गर्दीला काय, चढत्या नामाची सवयच. टाळ्या कडाडल्या, ढोल धावला, पोरं ओरडली, झांजा कानठळ्या बसवू लागल्या. गवळण कापली, ताठली, आणि महाराजांच्या पायांशी, तख्ताला शिंग घासत, कोसळली.

वासुदेवरावांनी झांज मुठीत धरली. सगळं थांबलं.

गाईनं ओळखलं होतं.

त्या शांततेत काय होतं ते सांगू? तिच्यात कात्री होती. ती आता महाराजांकडं वळली होती. गुलाबरावांनी महाराजांकडं पाहिलं, तरण्यांनी गुलाबरावांकडं. एक पाऊल पुढं पडलं, मग दुसरं. महाराजांचं तोंड उघडलं, पण त्यातून 'चूप' निघेना.

"थांबा." वासुदेवराव ओरडलेच असते, पण गाय पडलेली होती, म्हणून ते हळूच बोलले, आणि ते हळू बोलणंच सगळ्यांना थांबवून गेलं. "तो बी टोनहा नाई. कोणीच नाई. आता कोणी बोलू नका. कोणी हात लावू नका. फक्त पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. ना भस्म, ना बोट. गवळणीचे पाय सैल झाले. तिनं मान उचलली. गुडघ्यांवर आली. उभी राहिली.

मग दीपमाला पुढं आली, ओंजळीत तुरे घेऊन, आणि तिनं ते एकेका बाईच्या हातावर ठेवले. चिकटा दाखवला, गोळ्या दाखवल्या, केंद्रातून आणलेला कागद वाचला. "ही गोळी पोटात गेली की गाय आवाजानं, हाकलण्यानं, भीतीनं पडते," ती सांगत होती. "शांत केलं की उठते. हे गवत बंद करून कोरडा पैरा घातला की काही दिवसांत बरी होते. महाराजांच्या गोशाळेत काय घालतात? पैरा. आत्याची गाय काय खाते? पैरा. ती गाय या मैदानात आलीच नाही. जिच्यामुळं तुम्ही आत्याला टोनही म्हणत होते, तीच गाय सांगून राहिली होती की बिमारी गवतात आहे."

"महाराजाले हे मालूम होतं?" गुलाबरावांनी विचारलं.

"त्यांची स्वतःची जनावरं कधी या मैदानात पाहिली तुम्ही?"

कोणी पाहिली नव्हती. शंकरनं गळ्यातला ढोल उतरवून जमिनीवर ठेवला. पोलीस आले तेव्हा महाराज तख्तावरच बसलेले होते. बाईला टोनही ठरवून छळणं इथं गुन्हा आहे, आणि तो कायदा महाराजांना चांगला ठाऊक निघाला; ते पोलिसांबरोबर गेले. त्या आठवड्यात पाऱ्यानं मिळून मैदानातले तुरे कापून जाळले, आणि राऊत गुरं नाल्यापलीकडं नेऊ लागला. गुलाबराव दूध घ्यायला आले, तर अंजनाबाईनं पातेलं भरलं आणि म्हणाली, "नातवाले झोप लागते का आता?"

बाबांनो, बायांनो, देवाचं नाव घेणाऱ्याला मी हात जोडतो, मीही घेतो. पण देवानं कान दिलेत ते लय ऐकायला, डोळे दिलेत ते तुरा पाहायला, आणि अक्कल दिली ती वापरायला. गुरं आजारी पडली तर चारा पाहा, पाणी पाहा, जाणत्याला विचारा. बाईकडं बोट दाखवणारा कोणीही असो, आधी त्याच्या बोटाकडं पाहा.

आणि एक मागणं आहे. अंजनाबाई वाचली, कारण तिच्या रविवारी कोणीतरी ऐकणारं होतं. बिसाहिनच्या वेळी गवत तेच होतं, बुरशी तीच, ढोल तोच. ऐकणारं कोणी नव्हतं. तिचं कुलूप अजून तसंच आहे. ती कुठं आहे, आहे की नाही, कोणाला माहीत नाही. वासुदेवराव आता नाम संपवताना झांज थांबवतात, सगळ्यांची टाळी पडून जाऊ देतात, आणि मग उशिरानं एक टाळी एकटे वाजवतात. तुम्हीही कुठं भजनाला बसाल, तेव्हा तेवढी एक टाळी मागं ठेवा. तिच्या नावानं.